यजमानांचं इंग्रजी नाव

कापसाच्या तेजीत अमरावतीत पैसा खुळखुळला आणि आमचे दलाल यजमान संध्याकाळी कुंटणखान्याकडे वळू लागले. रुमालाखाली खुणांनी कापसाचा सौदा करणारी त्यांची बोटं तिथल्या बाईच्या हातात असतील, या विचारानं माझा जळफळाट व्हायचा.

"भाऊजी, त्या घराले साहेब काय म्हणते?" मी इंग्रजी शिकलेल्या दिरांना विचारलं.

"ब्रॉथेल. पण वहिनी, आधी तो शब्द वाया गेलेल्या माणसाले होता. मग तसल्या बाईले लागला, अन् मागून घराले."

संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायका मागं लागल्या, "नवऱ्याचं नाव घे!" मी उखाणा घेतला,

"कापसाची वात जळते देवापाशी,
ब्रॉथेलरावांचं नाव घेते हळदीकुंकवाच्या दिवशी."

साहेबानं दिलेली पदवी समजून साऱ्याजणी म्हणाल्या, "शोभते वं तुह्या नवऱ्याले!"