जवळ्याच्या पुडीत गेलेलं शेवटचं पान

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसतो, आधीच सांगून ठेवतो. भूतबीत, देवदेवस्की मी काही मानत नाही. पण ही एक गोष्ट डोक्यातून जात नाही...

आमचं घर दिघीला, धक्क्याच्या वरच्या अंगाला. स्वातंत्र्यानंतरची दहाएक वर्षं झाली असतील. मी म्हसळ्याला मामाकडे राहून आठवीत शिकत होतो, सुट्टीत घरी यायचो. थोरला भाऊ गणूदादा परदेशी जाणाऱ्या बोटीवर खलाशी. निघण्याआधी मुंबईच्या फुटपाथवर घेतलेलं एक जुनं इंग्रजी मासिक त्याने घरी ठेवलं होतं. कव्हरवर अग्निबाण आणि दोन चंद्र! इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नव्हतं, चित्रासाठी घेतलेलं.

मग सहा महिने दादाचं पत्रच नाही. आईने अन्न टाकल्यासारखंच केलं. तिचं मन रमावं म्हणून मी डिक्शनरी घेऊन त्यातली गोष्ट तिला मराठीत सांगू लागलो. दुपारी ती विकायचा सुका जवळा, ती बारीक कोळंबी, निवडायची, मी सांगायचो. एक माणूस ताऱ्यांच्या पलीकडे जातो आणि परतीची वाट चुकतो... आई सूप खाली ठेवून ऐकायची. आभाळ एवढं मोठं असतं हे तिला पहिल्यांदाच कळत होतं — आणि खरं सांगू, मलाही.

शेवटी आलो, तर शेवटचं पानच नाही. आईनेच त्यात आधी कधीतरी जवळा बांधून विकलेला! चित्रांची पानं जपून ठेवली, मागची नुसत्या अक्षरांची तेवढी पुड्यांना वापरली. मी जाम चिडलो. ती रडकुंडीला आली.

"त्यो घरी येतो का न्हाय, येवढं तरी सांग."

मला काय ठाऊक, म्हणालो. मग तीच बोलायला लागली.

"येतो. येका पायात बूट न्हाय, म्हणून लाजून दाराशी उभा ऱ्हातो. म्हातारी आय कायबी इचारत न्हाय. पानी आनते नि त्याचा पाय धुते."

स्वतःचीच समजूत घालतेय, असं मला वाटलं.

महिन्याभराने दादा आगरदांड्याच्या लाँचमधून उतरला. त्याची बोट कुठल्याशा बंदरात अडकून पडली होती. दोन्ही बूट पायात, वर आईला नवी चप्पल!

पुढे मी मुंबईला नोकरीला लागलो. एकदा रद्दीच्या ढिगात त्याच अंकाची दुसरी प्रत दिसली. उभ्याउभ्या शेवटचं पान वाचलं — एका पायात बूट नाही, तो दाराशी उभा, म्हातारी आई भांड्यात पाणी आणते... मी ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. आमच्या आळीत तेव्हा इंग्रजी वाचणारा मी एकटाच होतो, आणि ते पान मी आधी पाहिलंही नव्हतं.

घरी जाऊन विचारलं, तुला कसं गं कळलं? ती भाकरी थापत होती.

"मी कुठं त्याची गोष्ट सांगत व्हते? मला आपला गणू दिसत व्हता."

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. उलगडा काही झाला नाही, आणि मीही आता शोधत नाही.