लिलावातली पांढरी गाडी

गाडी घेतली ती हौस म्हणून नाही, मुलीसाठी. माझी शाळा बोरी अरबपासून आत, एका आडगावात. नवऱ्याची नोकरी दिग्रसला. माझ्या गावाची एसटी मनात आलं तर यायची, म्हणून मी बोरीत खोली करून राहायचे, नवरा दिग्रसला, आणि तीन वर्षांची मुलगी अमरावतीला माझ्या आईकडे. महिन्यातून दोनदा आम्ही तिला भेटायला जायचो. एकदा आम्हाला दारात पाहून ती आत धावत गेली आणि माझ्या आईला म्हणाली, "आजी, पाहुणे आले." परतीच्या एसटीत मी अमरावती ते नेर रडले आणि नेरला डोळे पुसून नवऱ्याला सांगितलं, मधल्या दारव्ह्याला घर करू, तुम्ही बसने जा, मी गाडी घेते.

नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. सासरी शेती होती, पण कापसाची ती वर्षंच अशी होती की शेतातून घरात काही यायच्या ऐवजी आमचा पगार घरातून शेतात जायचा. शेवटी यवतमाळच्या एका भंगारवाल्याकडे डिझेलची अ‍ॅम्बेसेडर मिळाली. कुठल्याशा सरकारी कार्यालयाच्या लिलावात त्याने ती घेतली होती. पांढरी, मागच्या काचांना पडदे, टपावर लाल दिव्याच्या जागी भोक आणि त्या भोकात डांबर. "मॅडम, इंजन बुढ्ढा है, पर धोका नहीं देंगा," तो म्हणाला. धोका इंजिनाने दिलाच, पण हप्त्याहप्त्याने दिला, ही त्याची मेहेरबानी.

मी मुळातच चिकट. गाडी आल्यावर हा गुण फुलून आला. दारव्ह्याहून त्याच बाजूला जाणारे एक सर आणि एक मॅडम सोबत घेतले आणि त्यांच्याकडून डिझेलचा वाटा न लाजता घेतला. टायर रिमोल्डचे, जुन्यावरच नवं रबर चढवलेले. उतार दिसला की गाडी न्यूट्रल. मागचे पडदे काढून मुलीच्या उशांना अभ्रे शिवले. वाचेल ते बँकेत टाकायचे, कारण इंजिनाचं मोठं काम एक ना एक दिवस निघणार होतं. इंजिन बसलं आणि हातात पैसे नसले तर मी पुन्हा बोरीच्या खोलीत आणि मुलगी अमरावतीला, हे मला पक्कं माहीत होतं. ती आता मला आई म्हणायला लागली होती. रात्री माझ्या पोटावर पाय टाकून झोपायची.

गाडीच्या पांढऱ्या रंगाची आम्हाला आधी गंमतच वाटायची. चौकात बसलेली माणसं उठून उभी राहायची. सोबतचे सर मला "कलेक्टरीणबाई" म्हणायचे. एकदा रेडिएटर तापला म्हणून कापूस खरेदी केंद्रासमोर थांबले. बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, आणि वजनाचा काटा दुपारपासून बंद. मी डबा घेऊन पाणी कुठे मिळतं ते पाहत फिरले, तेवढ्यात गाडी पाहून आतून कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर तोंड पुसत बाहेर आला आणि काटा सुरू झाला. एक म्हातारेबुवा गाडीवानाच्या जागेवरून ओरडले, "बाई, रोज येत जा!" मी पाणी भरून निघाले तेव्हा मागे काटा पुन्हा बंद झाला की काय, हे पाहायला मी थांबले नाही.

"रंग बदलून टाकू," नवरा म्हणाला होता. "लोक उगाच उभे राह्यतात, बरं नाही वाटत."

"गाडी डिझेलवर चालते, रंगावर नाही," मी म्हणाले. विषय संपला.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या रस्त्यावरचा पूल खचला आणि आम्हाला दुसऱ्या गावावरून फेरा घ्यावा लागला. तो शनिवार होता. सकाळची शाळा, बालवाडीला सुट्टी, म्हणून मुलगी सोबत होती. परतताना त्या दुसऱ्या गावातच पंख्याचा पट्टा तुटला. सर एकाच्या मोटरसायकलवर बसून बोरीला पट्टा आणायला गेले. मॅडम आणि मी लिंबाच्या सावलीत बसलो.

समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली, गाडीकडे पाहिलं आणि घाईने आत गेली. थोड्या वेळाने दोन मुलं बाहेर आली. सातआठ वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. दोघांचे केस ओले करून नीट विंचरलेले. कुणी काही न सांगता ती दोघं दाराच्या डाव्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात खाली, नजर समोर.

त्यांच्यामागून ती बाई आली आणि मला म्हणाली, "फोटो इकडूनच घ्या. मांगच्या डाव ऊन तोंडावर येत होतं, तं त्या साहेबानं पोरायले पुन्हा उभं केलतं."

ती मुलांची काकू होती. त्यांचा बाप पोळ्याच्या आधी गेला होता. कसा, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात ते विचारावं लागत नव्हतं. त्यानंतर पांढऱ्या गाड्या येत होत्या. चौकशीच्या, पुढाऱ्यांच्या, पेपरवाल्यांच्या.

"मी शाळेतली बाई आहो," मी म्हणाले. "आमचा पट्टा तुटला."

"मंग गाडी सरकारी काहून हाय?"

"लिलावात घेतली. सस्ती भेटली."

तिने मान हलवली, पण मुलांना आत जा म्हणाली नाही. मी म्हणाले, "जा रे खेळा," तरी ती हलली नाहीत. मोठ्या माणसांचं असं बोलणं त्यांनी आधीही ऐकलं असणार.

आणि माझ्या लक्षात येईपर्यंत माझी मुलगी मॅडमच्या मांडीवरून उतरून रस्ता ओलांडून गेली होती. तिला वाटलं खेळ चाललाय. ती त्या भावाच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून हसायला लागली. मोठी मुलगी वाकून तिला हळूच म्हणाली, "हासू नोको वं. हात खाली सोड."

माझ्या मुलीने हसू आवरलं आणि हात खाली सोडले.

 जिला जवळ ठेवायला ही गाडी घेतली, तीच गाडीसमोर बाप गेलेल्या पोरांच्या रांगेत उभी होती, आणि तिला ते छान जमत होतं. मी धावत जाऊन तिला उचललं. ती ओरडली, मला तिथेच राहायचंय म्हणून. मॅडम दुसरीकडे पाहत राहिल्या. सर पट्टा घेऊन येईपर्यंत ती दोघं भावंडं तशीच होती.

सोमवारी आम्ही तिथून गेलो तर ती दोघं पुन्हा भिंतीशी. मंगळवारीही. लांबून गाडी दिसली की उठायची. काकूला खरं माहीत होतं, पण पोरांना कोण समजावणार, आणि येणाऱ्यांतली एखादी गाडी खरंच सरकारी निघाली तर? मी वेग वाढवून जायचे आणि दिवसभर वर्गात चिडचिड करायचे.

घरी मी म्हणाले, "गाडी रंगवायची."

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. "मी म्हनलो होतो तेव्हा तं..."

"तेव्हाचं तेव्हा."

"आन् इंजिनाचे पैसे? बसलं तं पोरीले परत अमरावतीले ठेवशील?"

 मुलगी आत अभ्रा चोखत झोपली होती.  दिवाळीच्या सुट्टीत गाडी गॅरेजला टाकली. मेकॅनिकचाचांकडे ट्रकच्या केबिनचा निळा रंग उरला होता, तो स्वस्तात पडला. चिकटपणा काही सुटत नाही. तरी इंजिनासाठी ठेवलेले बहुतेक पैसे गेले, आणि पुढचे कित्येक महिने इंजिनात जरा खट् झालं की मी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायचे. ते बसलं दुसऱ्या वर्षी, तोवर पुन्हा थोडे जमले होते. मुलगी दारव्ह्यालाच पहिलीत गेली.

सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी तिला मुद्दाम सोबत घेतलं. पूल अजून खचलेलाच होता, फेरा तोच. ते घर आलं. ती दोघं अंगणात बकरीच्या पिल्लामागे पळत होती. निळ्या गाडीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि परत पिल्लाकडे वळली. माझी मुलगी खिडकीतून हात हलवत राहिली, मग रुसून म्हणाली, "आई, त्यायनं मले ओळखलंच नाही."

मी गाडी अगदी हळू केली. पिल्लू त्या मुलीच्या हातातून निसटलं आणि ती मोठ्याने हसली. तिचा वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. इतके दिवस ती माझ्यासमोर उभी राहत होती, मला तो कधी दिसला नव्हता.