विमानासाठी सारवलेलं खळं

आमच्या अख्ख्या तालुक्यात लढाईचं विमान चालवणारा पहिला गडी म्हणजे माझा नवरा. आधीच सांगून टाकते, नाहीतर मागून म्हणाल, बाई बढाई मारते. मारतेच आहे. का मारू नये?

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झालेली होती. हे तासगावकडचे, विश्रामबागेच्या कॉलेजात शिकलेले, हवाई दलात नुकतेच घेतलेले. तेव्हा अजून माझे 'हे' झाले नव्हते, म्हणून तूर्त 'तो'च म्हणते. मला बघायला आला तेव्हा त्याच्या मामांनी नेहमीचं सुरू केलं. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. तो मधेच म्हणाला, "त्यांना काय विचारायचं असेल तर विचारू द्या की." झाली का पंचाईत! माझ्या तोंडून निघून गेलं, "वरून आमचं गाव दिसतं का?"

"बघून सांगतो," तो म्हणाला आणि हसला. नवरा करायचा तर हाच, हे माझं तिथंच पक्कं झालं.

पण आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मन घेईना. आबा पलटणीतून सुभेदार होऊन घरी आलेले. कराडजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे फौजेला कुणी नाक मुरडत नव्हतं. आबांच्या पोटात वेगळंच होतं. ते आईला म्हणाले, "पलटणीत माणूस पडला तर जोडीदार उचलून आणत्यात. मी आणल्यात. ह्यो आभाळातनं पडला तर ह्याला आणायचं कुणी? पोरीनं वाट तरी कुणाची बघायची?"

एवढ्यात त्याच्या मामांचा निरोप आला. सरावाची विमानं कृष्णेच्या काठानं येणार आहेत, रविवारी सकाळी तो तुमच्या गावावरून जाईल.

"गावावरनं जाणार म्हंजे उतरणारच," आबा म्हणाले. "पाव्हणा दारावरनं पाणी न पिता जातो व्हय?"

आमच्याकडे पाहुणा गूळपाण्याला न थांबता पुढं गेला तर घराचा अपमान होतो. विमानाला सपाट, टणक जागा लागते एवढं आबांनी ऐकलेलं. आणि आमच्या गावात सपाट, टणक जागा म्हणजे मळणीचं खळं! शाळूची काढणी नुकतीच झाली होती. आबांनी नेहमीच्या चौपट खळं आखलं, पाणी मारून चोपून घेतलं. मी, आई आणि भावकीतल्या बायका शेणानं सारवत बसलो. हातांची लाकडं झाली. वर मधोमध बाभळीची मेढ रोवली, मळणीच्या बैलांना बांधायला असते तशी.

"आबा, विमानाला मेढ कशाला?"

"वारं सुटलं म्हंजे? बांधाय नगं?"

घ्या! आमच्यात कुणी विमान जवळून पाहिलेलंच नव्हतं.

रविवारी सगळं गाव खळ्याभोवती जमलं. त्याचं विमान मलकापूरच्या बाजूनं आलं. काय तो आवाज, बाई गं! बैलांनी दावी तोडली, कडबा उधळला, म्हाताऱ्या खाली बसल्या. त्यानं खळ्यावर एक घिरटी घातली, एकदा डावा, एकदा उजवा पंख कलता केला आणि सांगलीच्या अंगाला निघून गेला. आईच्या हातातला तांब्या हातातच राहिला. मी हरखून गेले होते, आबांचं तोंड मात्र उतरलं होतं.

"पाण्याला थांबला न्हाई," आबा सगळ्यांदेखत म्हणाले. "सोयरीक मोडली."

माझं डोकं असं फिरलं! "आवं आबा, मधी मेढ रोवल्यावर उतरंल कसा त्यो?" मी ओरडले. आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसरं स्थळ बघायला माणूससुद्धा धाडला. मी चुलीपुढं बसून ढसाढसा रडले, त्यात लाजायचं काय?

पुढच्या आठवड्यात, सगळं कानावर गेल्यावर, भर दुपारी तो कराडातनं भाड्याची सायकल मारत आला. घरी आला नाही. थेट खळ्यावर गेला, सायकल मेढीला टेकवली आणि आपल्याच रुमालानं बांधली. आबा काठी घेऊन निघाले, मी त्यांच्या मागं जाऊन कडब्याच्या गंजीआड उभी राहिले.

"सुभेदारसाहेब, पाणी पाजा," तो म्हणाला. "रविवारचं राहिलंय."

"तवा का न्हाई उतरलास?"

"विमानाला पळायला लय लांब जागा लागते, आणि मधे मेढ असून चालत नाही. पण बांधायचं बरोबर हेरलंत बघा. आम्ही विमानं बांधूनच ठेवतो." आबांच्या मिशा जराशा हलल्या. तो पुढं म्हणाला, "वरून गावात सगळ्यात आधी हे खळंच दिसलं. माझ्यासाठी एवढी जमीन कुणी सारवली नव्हती."

मग आबांनी मनातलं विचारलं. "पडलास तर तुला आणायचं कुणी?"

तो आमच्याच बोलीत म्हणाला, "कुणी आणाय नगं. माझा मी येणार. मामा, तुमी खळं सारवून ठेवा."

मामा! सोयरीक मोडलेली, आणि हा गडी खुशाल सासऱ्याला म्हणतात तसं मामा म्हणतोय! आबांनी मान न वळवता गंजीकडे हाक दिली, "पाणी आण गं."

लग्न झालं, हे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले आणि मी माहेरीच राहिले. पुढं यांनी लय नाव काढलं, पथकाचे प्रमुख झाले, किती पोरांना उडायला शिकवलं. पण त्याआधी, आघाडीवर असताना एकदा यांची खबर यायचीच थांबली. विमान परत आलं नाही, एवढंच कळलं. गावातली माणसं आमच्याकडे येऊन हळू आवाजात बोलायला लागली.

आबांनी मेढ उपटली आणि शेणाची पाटी घेऊन खळं सारवायला बसले. मळणीचे दिवस नव्हते. सारवणं बायकांचं काम. सुभेदारानं उकिडवं बसून शेणात हात घातलेला बघून लोक हसले. मी पाटी धरायला गेले तर म्हणाले, "तू बस. मला सांगितलंय त्यानं." खळं वाळून भेगाळलं की पुन्हा सारवायचे.

एके दिवशी सकाळी कराडच्या वाटेनं एक माणूस लंगडत आला. हात गळ्यात अडकवलेला, दाढी वाढलेली. मी दारातनं बघत होते, ओळखलंच नाही. तो घराकडे न येता खळ्याकडे वळला आणि मी ओळखलं.

आबा उठले. "आलास?"

"आलो, मामा."

शेणानं भरलेल्या हातांनीच आबांनी यांना कवटाळलं. माझे आबा हुंदके देऊन रडत होते. मग तिथनंच त्यांनी हाक मारली, "पोरी, पाणी आण! त्याचा त्यो आला!"

मी तांब्या घेऊन धावले, आणि निम्मं पाणी वाटेतच सांडलं.