प्रीसेटवरचं लाल नेलपॉलिश

गेल्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास, काष्टीजवळच्या एका लिंबाच्या बागेत, सायमन साळवे यांच्या पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी फुटली. पंप त्यांनी नुकताच चार्जिंगवरून काढला होता. बटण दाबलं आणि पंपाच्या तळाचं झाकण उडालं. बॅटरीतलं अ‍ॅसिड कमरेवर आणि डाव्या मांडीवर सांडलं.

चार्जर नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात बनला होता. डिझाइन माझं होतं. शुक्रवारी तो दुकानदारामार्फत माझ्या टेबलावर आला. सोबत मालकांचा निरोप होता: गिऱ्हाइकाने चार्जर खोलून छेडछाड केली, असा रिपोर्ट द्या.

हे सर्किट अवघड नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीला दोन गोष्टींपासून जपायचं असतं. करंट जास्त जाऊ नये आणि व्होल्टेज मर्यादेबाहेर चढू नये. त्यासाठी दोन रेग्युलेटर एकामागे एक लावले होते. पहिला करंट पाऊण अँपिअरच्या आसपास अडवतो. दुसरा व्होल्टेज १३.८ वर धरून ठेवतो.

१३.८ हा आकडा मी पुस्तकातून उचलला नव्हता. डिझाइनच्या आधी बागांमधून फिरलो होतो. तिकडे चार्जर कुणी काढत नाही. लाईट येईल तेव्हा चार्ज होईल, म्हणून तो आठ-आठ दिवस लावलेलाच असतो. १३.८ वर बॅटरी तशी राहिली तरी चालते. पंधरावर ठेवली तर भरल्यावरही ती आत उकळत राहते आणि बंद कप्प्यात गॅस साठतो. त्या गॅसला स्विचची एक ठिणगी पुरते.

करंट ठरवायला मी न फिरणारा साधा रेझिस्टर लावला होता. व्होल्टेजसाठी मात्र प्रीसेट, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर. रेग्युलेटरचा प्रत्येक आयसी, म्हणजे चिप, थोडा वेगळा निघतो. प्रीसेट असला की टेस्टिंगला दोन मिनिटांत आकडा जुळतो. सोय होती. तिथेही साधा रेझिस्टर टाकला असता तर फिरवायला काही राहिलं नसतं.

आकडा जुळला की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा. नंतर कुणी स्क्रू हलवला तर थेंब तडकतो. आमच्याकडे हे काम टेस्टिंगच्या शबाना शेख करायच्या. बाटली त्या घरून आणत. गडद लाल.

मी चार्जर उघडला. थेंब शाबूत होता. मीटर लावला. १५.१. मीटर बदलला. १५.१.

शबानाताईंना बोलावलं.

"थेंब तुमचाच ना?"

"माझाच. एवढा गोल दुसरं कोण टाकतंय?"

"मग पंधरा कसे?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "दिवाळीनंतरचा सगळा लॉट पंधराचाच आहे सर. मालक स्वतः सांगून गेले. मला वाटलं, तुम्हाला विचारलं असेल."

"नाही विचारलं."

"मग मी सांगितलं असं म्हणू नका. माझं घर याच्यावर चालतं."

मी मालकांकडे गेलो.

"दुसऱ्यांचा चार्जर दहा तासांत हिरवा दिवा दाखवतो," ते म्हणाले. "आपला सोळा तास घ्यायचा. तुमचं १३.८ दुकानात सांगायला तुम्ही जाणार होता का, पठारे?"

"माणूस भाजलाय."

"म्हणूनच रिपोर्ट पाहिजे. त्याने चार्जर खोलला."

"खोललेला नाही. सील शाबूत आहे."

"सील कसलं? बायकांचं नेलपॉलिश आहे ते. त्याला काय सरकारी लाखेचं सील समजता?"

शनिवारी मी श्रीगोंद्याच्या दवाखान्यात गेलो. साळवे उजव्या कुशीवर पडले होते. डावी बाजू बँडेजमध्ये होती.

"तुमी कंपनीचं का?"

"हो. चार्जर मीच बनवलाय."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"दुकानदार म्हनतो, तू खोललास. म्या घरचा मिक्सर बिघडला तरी दुकानात नेतो, ह्यो कशाला खोलू? पर गावात तसंच झालंय आता. सायमननं वायरी जोडल्या आन भाजून घेतलं. भेटायला येनारा बी तेच इचारतोय, कुठली वायर कुठं लावली रं. खोललं न्हाई, एवढं लिहून द्या साहेब."

"लिहितो," मी म्हणालो.

सोमवारी रिपोर्ट दिला. व्होल्टेज १५.१. प्रीसेटवरचं सील शाबूत. सेटिंग कारखान्यातलंच. शबानाताईंचं नाव घातलं नाही. रिपोर्टची एक प्रत स्वतःजवळ ठेवली. चार्जर रिपोर्टसोबत मालकांच्या टेबलावर ठेवला. बारा वर्षं तशीच पद्धत होती. फोटो काढला नाही.

त्याच्या पुढच्या सोमवारी वॉचमनने माझा डबा आणि मीटर गेटबाहेर आणून दिले.

साळवे यांनी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. सुनावणीत मी माझी प्रत दाखवली. कंपनीच्या वकिलाने १५.१ हा आकडा लगेच मान्य केला. गिऱ्हाइकाने स्क्रू फिरवला की आकडा चढणारच, असं त्यांचं म्हणणं होतं. सील शाबूत असल्याचं त्यांनी नाकारलं.

शबानाताईंना विचारलं गेलं. "आमच्याकडून निघताना १३.८ होतं. थेंब मी टाकला होता. पुढचं मला माहीत नाही." त्या माझ्याकडे न बघता खाली बसल्या. साळवे भिंतीला टेकून उभे होते. त्यांना अजून बसता येत नव्हतं.

मग कंपनीने पाकिटातला चार्जर काढून समोर ठेवला. झाकण उघडलं. चार्जरवरचा नंबर तोच होता. प्रीसेटवर नेलपॉलिश नव्हतं.