बठ्ठाचं बारसं

अक्का अहिराणीत प्रोग्राम लिहीत. जळगावच्या आमच्या छोट्या ऑफिसात बाकीचे ‘टोटल’ लिहीत, तेव्हा अक्कांच्या कोडमध्ये रोमन अक्षरांत ‘बठ्ठा’ असे. अट खरी ठरली की ‘शे’, नाही तर ‘नई’. कुणी हसलं की शिंदखेड्याच्या या बाई म्हणत, “नाव ठेवनं येगळं, नावं ठेवनं येगळं. तुले कोनतं येस?”

एकदा कोड लिहायच्या जुन्या एडिटरात त्यांनी ‘भाव’ शोधून सगळीकडे ‘दर’ केलं. केळीच्या गाड्या नेणारे भावसार आबा आमच्या प्रोग्रामने छापलेली पावती घेऊन दारात उभे. “अक्का, मी दरसार कधी झालो?”

“आबा, फुकटमा बारसं झायं, पेढा द्या!”

म्हणून नवा एडिटर आला तेव्हा सर्वांत खूश अक्का. एका जागी नाव बदललं की ते नाव जिथे जिथे वापरलंय तिथेच बदलायचं; सारखी दिसणारी बाकीची अक्षरं तशीच. “भाव कोन आनि भावसार कोन, याले समजस,” असं त्या कौतुकाने सांगत.

मग पुण्याच्या एका कंपनीने आमचा प्रोग्राम घ्यायचं ठरवलं. अट एकच: कोडमधली सगळी नावं इंग्रजी करा, नाहीतर हा टाकून नवा लिहू. माझं डोकं फिरलं. भाषा पुसायला सांगणारे हे कोण? मी तिथेच निषेधाचं पत्रक लिहिलं. अक्कांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

“निषेधमा पोटफोड्या ष लिही. आनि बस आठे. प्रोग्राम वाचाले पाहिजे.”

“आणि तुमचे शब्द?”

त्या एकेका नावावर थांबत, बदलत गेल्या. ‘बठ्ठा’पाशी मात्र बोटं अडली. “जाय बेटा,” त्या म्हणाल्या, “टोटल व्हय.” एका क्षणात सगळीकडचे बठ्ठे गेले. अवतरणचिन्हांतल्या वाक्यांना एडिटरने हात लावला नाही. ती माल पोचल्यावर शेतकऱ्यांच्या फोनवर जाणारी, अक्कांनीच अहिराणीत लिहिलेली वाक्यं होती, आणि कंपनीने त्यांच्याबद्दल काही विचारलंच नव्हतं.

प्रोग्राम वाचला. अक्का निवृत्त होऊन धुळ्याला लेकीकडे गेल्या. मी पत्रक अजून फाडलेलं नाही. राग माझा खराच होता.

परवा चोपड्याच्या एका केळीवाल्या दादांचा फोन आला. अक्का हव्या होत्या. त्या गेल्या, असं मी सांगितलं.

“गयात कश्या?” दादा म्हणाले. “आतेच तर त्यास्नी सांगं, दादा, माल पोचना, आते जेवी ल्या.”