करंजाड्याचे गोचीड आणि सोमवारची शंका

करंजाड्याला माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पनवेलपर्यंत लोकल अजून आली नव्हती आणि करंजाडे हे भातशेतीचं गाव होतं. गावाच्या कडेला आमचा सामानाचा एक तात्पुरता डेपो होता. अठरा जवान, पहाऱ्याची दोन कुत्री, एक जीप. मी पशुवैद्यकीय शाखेचा, म्हणजे लष्करातल्या जनावरांच्या दवाखान्यातला माणूस. खेचरं आणि कुत्री यांचं रक्त, शेण, कातडी तपासणं हे माझं काम. बरोबर एक मायक्रोस्कोप, रंगांच्या चार बाटल्या आणि एक रजिस्टर. नेरूळच्या आमच्या सोसायटीत लोक विचारतात, कुठली लढाई पाहिलीत? मी सांगतो, एकही नाही. ज्या आठवड्याबद्दल लिहितोय त्यात एकही गोळी सुटली नाही. माणूस मात्र गेला.

रोजचा दिवस ठरलेला असायचा. ०५३० ला पीटी, ०७०० ला कुत्र्यांची तपासणी. राणा नावाच्या कुत्र्याचा हँडलर लान्स नायक रघुनाथ मोहिते होता. साताऱ्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. बोलायला मोकळा, कामाला चोख. डेपोच्या मागच्या तारेला लागून कमरेएवढं गवत होतं आणि गावातल्या म्हशी तिथूनच चरायला जायच्या. मोहिते राणाला घेऊन रोज त्या तारेलगत गस्त घालायचा, त्यामुळे राणाच्या कानात रोज गोचीड सापडायचे. मोहिते ते उपटायचा आणि अंगठ्याच्या नखावर ठेवून दुसऱ्या नखानं चिरडायचा.

"चिमटा कशाला दिलाय तुला?" मी एकदा चिडून विचारलं.

"हवालदारसाहेब, चिमट्यानं किती वेळ जातो. गावाकडं म्हशीचं असंच मारतोय की लहानपणापासनं."

माणूस कामाचा असला की त्याच्या चार सवयींकडे काणाडोळा केला जातो. मीही केला.

पावसाळा संपून गवत वाळायला लागलं तेव्हा मागच्या तारेवर ड्यूटी करणारे दोन संत्री एकापाठोपाठ तापानं पडले. डोकं फुटेल असं दुखतंय म्हणायचे. आमचे मेडिकल ऑफिसर कॅप्टन जोगळेकर दुसऱ्या युनिटमधून जीपनं यायचे. त्यांनी दोघांचं रक्त घेतलं. मलेरियाचा जंतू दिसला नाही. तरी खाडीच्या बाजूला मलेरियाच जास्त, म्हणून त्याचं औषध सुरू केलं. कोणीही तेच केलं असतं.

सोमवारी सकाळी ड्यूटीचा तक्ता बघताना माझ्या लक्षात आलं की दोन्ही संत्री मागच्या तारेवरचेच आहेत. पुढच्या गेटवरचा एकही माणूस आजारी नव्हता. कोर्समध्ये शिकवलेलं आठवलं. काही गोचिडांच्या पोटात रिकेट्सिया नावाचे बॅक्टेरिया असतात. गोचीड चावला, किंवा उघड्या हातानं चिरडला, की ते माणसात शिरू शकतात. ताप येतो, डोकं दुखतं, तीन-चार दिवसांनी तळहातांवर लाल ठिपके उमटतात. वेळेवर औषध दिलं तर माणूस उठून बसतो.

मी कॅप्टनसाहेबांना तेव्हाच वायरलेस करायला हवा होता. केला नाही. आधीच्या युनिटमध्ये एका खेचराला भयंकर साथीचा रोग असावा असं मी तपासणीआधीच कळवलं होतं. सगळा तबेला बंद झाला आणि निघाली साधी सर्दी. कमांडिंग ऑफिसरनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "कन्फर्म नव्हतं तर तोंड का उघडलंस?" त्यानंतर आठवडाभर रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत. पाठीवर सामान भरलेला पिठ्ठू, हातात रायफल, मैदानाला चकरा. तेव्हापासून एक नियम डोक्यात पक्का बसला, कन्फर्म झाल्याशिवाय रिपोर्ट नाही. शिवाय मी जनावरांच्या बाजूचा. माणसांच्या औषधात मी कशाला नाक खुपसू?

म्हणून ठरवलं, आधी गोचीड तपासायचे.

१००० ला मी आणि मोहिते गावात गेलो. म्हशी बायजाबाईच्या होत्या. साठीची बाई, आवाज खणखणीत. गोठ्यात बसून म्हशीच्या आचळांजवळचे गोचीड काढून शेजारच्या पाटीतल्या राखेत टाकत होती. मोहितेनं सवयीनं एक उपटला आणि नखावर घेतला.

"ए पोऱ्या, नखान नुको मारू! राखेत टाक. त्याचा रगत वाईट हाय."

"कुणी सांगितलं, मावशी?" मोहिते हसला.

"कोन सांगल? माजे सासूचे हातान बी राख असायची नि माजे हातान बी हाय."

मी चिमट्यानं तीसेक गोचीड काढले. ते ठेवताना हातानं आपोआप स्पिरिटची बाटली उघडली. नमुना म्हणजे स्पिरिट, असं इतकी वर्षं करत आलो होतो. परतताना मोहिते दोनदा झाडाखाली थांबला.

"काय झालं रे?"

"काय नाय. डोकं जरा जड हाय. चहा झाला की उतरंल."

मी पुढे चालू लागलो.

मंगळवारी मायक्रोस्कोपसमोर बसलो आणि कपाळाला हात लावला. ही तपासणी जिवंत गोचिडाचीच होते. त्याच्या पायाचं टोक कापायचं, थेंबभर पाणी बाहेर येतं, ते काचेवर घ्यायचं आणि रंग द्यायचा. बॅक्टेरिया असले तर हिरव्या पार्श्वभूमीवर लाल दिसतात. माझ्या बाटलीतले तीसही मेलेले, आक्रसलेले. एकाच्याही पायातून थेंब निघाला नाही. हे मला येत होतं. परीक्षेत लिहिलं होतं. तरी हातानं नेहमीचंच केलं. स्वतःचा इतका संताप आला की ती बाटली मी भिंतीवर फोडणार होतो.

तसाच गावात गेलो तर बायजाबाईनं म्हशींना तंबाखूच्या पाण्यानं चोळून काढलं होतं.

"तुमीच गोचीर नेलाव ना बाटलीन? मना भ्या वाटला. सगले मारून टाकले."

तिचं काय चुकलं? बुधवारी उजाडता उजाडता एका धनगराच्या शेळ्यांच्या कानातले बारा जिवंत गोचीड मिळाले. ओल्या कापसाच्या बुचाच्या नळीत घालून आणले.

मोहिते मंगळवारी दुपारीच परेडमध्ये खाली बसला होता. त्याला संत्र्यांच्या शेजारची खाट दिली आणि मलेरियाच्याच गोळ्या सुरू झाल्या. बुधवारी १५०० ला मी त्याला चहाचा मग दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि तळहातांवरचे ठिपके मला दिसले.

"कधीपासून ताप आहे? खरं सांग."

"शनवारपासनं." तो खाली बघत म्हणाला. "सिक रिपोर्ट केला असता तर राणाला दुसऱ्याच्या ताब्यात दिला असता, साहेब. दुसऱ्याच्या हातनं तो खात नाय."

मी मग तिथेच ठेवून तपासणीच्या खोलीत गेलो. सातव्या गोचिडाच्या काचेवर ते दिसले. हिरव्यात बारीक लाल काड्या. नवव्यातही होत्या. १७४० ला वायरलेसवर बसलो.

"सर, गोचिडांची स्लाइड पॉझिटिव्ह. तिन्ही पेशंट मागच्या तारेवरचे. मोहितेच्या तळहातांवर ठिपके. ओव्हर."

"तुला डाउट कधी आला? ओव्हर."

"सोमवारी सकाळी, सर. ओव्हर."

"औषध माझ्या बॅगेत पडून आहे, हवालदार. मी नुसत्या डाउटवर सुरू केलं असतं. येतोय. आऊट."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. १८३० ला जीप आली. तिघांनाही औषध सुरू झालं. मोहितेला त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला हलवलं. स्ट्रेचर जीपमध्ये चढवताना त्यानं माझी बाही धरली. म्हणाला, "राणाला भाकरी कुस्करून द्या. दुधात नको." दोन्ही संत्री शनिवारी उठून बसले. मोहिते शुक्रवारी सकाळी ०६१० ला गेला. ताप फार पुढे गेला होता.

त्याचे वडील सामान न्यायला आले. धोतर, वर जुना कोट. ट्रंकेवर हात ठेवून बसले होते.

"साहेब, दुखणं कशाचं म्हनायचं?"

"गोचिडाचं. उघड्या हातानं चिरडला की त्याचा जंतू अंगात शिरतो."

त्यांनी उजवा हात समोर धरला आणि अंगठ्याच्या नखाकडे बघत राहिले. "आमच्यात समदी नखानंच मारत्यात. मीच शिकिवलं त्येला."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. बाबा, तुमची चूक नाही, मला सोमवारीच कळलं होतं आणि मी गप्प बसलो, एवढंच. ते नख बघत बसले आणि मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो. ते तेवढं ओझं घेऊन गावी गेले. याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर कुत्र्यांच्या खोलीबाहेर राखेचा डबा ठेवला गेला. राख बायजाबाईच्या चुलीतली. मी रजिस्टरमध्ये पट्टीनं आखून एक नवा रकाना केला, 'शंका'. निवृत्त होईपर्यंत मला काहीही वाटलं की त्यात लिहायचं आणि त्याच तासाला वर कळवायचं, असं केलं. पुष्कळदा खोटं ठरलं. दोनदा बोलणीही खाल्ली. खाल्ली तर खाल्ली.

करंजाड्यात आता टॉवर उभे राहिलेत. मागची तार कुठे होती हे मलाही नीट दाखवता येत नाही. लान्स नायक रघुनाथ मोहिते याचं नाव कुठल्याही स्मारकावर नाही, कारण तो शत्रूच्या हातून गेला नाही. माझ्या रजिस्टरच्या त्या रकान्यात पहिलं नाव त्याचं आहे. तो गेल्यावर मी मागाहून लिहिलं. शंका आली, सोमवार सकाळ. कळवलं, बुधवार, १७४०.