थरथरणारे कंट्रोलर आणि आमची गिऱ्हाइकं

संध्याकाळी घरी गेलो की बायको विचारते, "आज काय झालं दुकानात?" पूर्वी मी रंगवून सांगायचो. आता "तेच" म्हणतो आणि जेवायला बसतो. पण तेच तेच म्हणता म्हणता एवढं साचलंय, की चार मित्रांत बसलो आणि कुणी "धंदा कसाय?" असं विचारलं, की एका किश्श्यावर सुटका होत नाही.

मंगळवार पेठेत आमचं गेमिंगच्या सामानाचं दुकान आहे. मी दुरुस्ती बघतो. माझा शाळेपासूनचा दोस्त विलास काउंटर बघतो आणि बोलतो. बोलायचं खातं सगळं त्याच्याकडं. माझ्याकडं येतात ते खोललेले कंट्रोलर, म्हणजे गेम खेळताना दोन्ही हातांत धरायचे बटणांचे ठोकळे, आणि दिवसभर एकच प्रश्न, "ह्यातला चांगला कुठला?" याला उत्तर नाही. "हातात धरून बघा," एवढंच मी सांगतो. पण माणसानं एकदा हातात धरलं, की तो बोलायला लागतो आणि माझं काम राहतं.

*

जवळच्या गडमुडशिंगी गावचे दोघं सख्खे भाऊ आले. घरात गेम खेळायचं मशीन एक, त्यावर नवा कंट्रोलरही एकच घ्यायचा होता. आता कंट्रोलरला दोन अंगठ्यांसाठी दोन छोट्या दांड्या असतात, त्यांना स्टिक म्हणतात. एका प्रकारात दोन्ही स्टिक शेजारी शेजारी. दुसऱ्यात डावी वर आणि उजवी खाली. मोठ्या भावाला शेजारच्या पाहिजे होत्या, धाकट्याला वरखाली.

"अंगठं कसं, जोडीनं चालाय पायजेत," मोठा म्हणाला.

"बैलं हायत व्हय ती?" धाकटा म्हणाला.

इथून सुरू झालं ते चहा आला तरी थांबेना. विलासनं मध्ये पडून बघितलं, तर दोघंही त्याच्यावरच घसरले. शेवटी काहीच न घेता, एकाच गाडीवर बसून, एकमेकांशी न बोलता परत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची आई आली. पिशवी काउंटरवर ठेवली. दोन्ही कंट्रोलर मागून घेतले, हातात धरून बघितले आणि बाजूला सारले.

"पावणं, ह्या दोन्हीवनं कालपासनं घरात जेवान न्हाय," ती म्हणाली. "दोघास्नी बी आवडणार न्हाय असा तिसरा हाय काय? त्यो द्या."

होता. तोच घेऊन गेली.

*

मलकापूरच्या मामांचा दुधाचा धंदा. पुतण्याच्या हट्टापायी नवीन पद्धतीचा महागातला कंट्रोलर घेऊन गेले होते. आठवड्यात परत आले. "बटण अडतंय," म्हणाले.

तर्जनीखाली जे बटण असतं, त्याला ट्रिगर म्हणतात. नव्या कंट्रोलरमध्ये ते मुद्दाम अडतं. गेममध्ये धनुष्य ताणलं की बटण घट्ट होतं आणि बोटाला जोर लावावा लागतो. खऱ्या धनुष्यासारखं वाटावं, म्हणून केलेली सोय आहे ती. हे मी मामांना समजावलं. मग दुकानातल्या मशीनवर लावून त्यांच्या हातात दिलं.

मामांनी बराच वेळ धनुष्य ताणलं. बाण सोडायचं काही मनावर घेतलं नाही, नुसतं दाबून बघत राहिले.

"म्हंजे आटाय आलेल्या म्हशीवाणी," ते म्हणाले.

"तसंच समजा मामा."

त्यांनी कंट्रोलर हळूच खाली ठेवला. "सकाळी त्येच करतोय, सांच्याला बी त्येच करतोय. आता दुपारच्याला मजा म्हणून परत त्येच करायचं व्हय?"

*

कॉलेजात शिकवणारे एक सर आहेत. त्यांच्या कंट्रोलरला नेहमीचा रोग झाला होता. स्टिकला हात लावला नाही तरी खेळातला माणूस आपोआप डावीकडं सरकायचा. सरांनी ते वर्षानुवर्षं तसंच चालवलं होतं. सुट्टीत एकदाचे दुरुस्तीला घेऊन आले. मी स्टिक बदलली, तपासली आणि दिली.

दोन-तीन दिवसांत सर परत दारात. चेहरा उतरलेला.

"परत डावीकडं जातोय का?" मी विचारलं.

"नाही. अगदी सरळ चालतो."

"मग?"

"तोच तर त्रास आहे. इतकी वर्षं मी अंगठा उजवीकडं रेटून धरायचो. अजून तसाच धरतो. पूल आला की माणूस उजवीकडच्या दरीत जातो. मुलगी हसते मला." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "जुना बिघाड परत बसवता येईल का?"

विलास म्हणाला, "सर, आमच्यात चांगलं करून मिळतं, बिघडवून मिळत न्हाय."

सरांनी कंट्रोलर पिशवीत टाकला. "ठीक आहे. दुसरीकडं बघतो," म्हणाले.

*

या सगळ्यात माझ्या हाताचं काय होतं, ते कुणी विचारत नाही. गेममध्ये धडक बसली की कंट्रोलर हातात थरथरतो; नको असेल तर सेटिंगमधून ते बंद करता येतं. दिवसभर ही थरथर तपासायची म्हणजे दिवसभर थरथरणारी वस्तू हातात धरायची. घरी गेल्यावर ताट धरलं तरी तळहात गुणगुणत असतात. झोपतानाही वाटतं, काहीतरी वाजतंय. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, काम कमी करा. हे मी विलासला सांगितलं.

मोबाईलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "डॉक्टरकडं कशाला गेलतास? सेटिंगमधनं बंद कर की."

*

आमच्याच पेठेत तात्या राहतात. साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. मुलगा नितीन कॅनडात असतो. त्याच्या लग्नावरून बापलेकाचं वाजलं आणि बोलणं थांबलं. त्याचा फोन येतो, पण आईला. तात्या तेवढ्यापुरते गॅलरीत जाऊन उभे राहतात. हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

तात्या नितीनचा जुना कंट्रोलर घेऊन आले. "थरथरत न्हाय ह्यो," म्हणाले.

मी खोलून बघितला. आतली थरथरणारी मोटर गेली होती. शिवाय गाडी पळवायचा ट्रिगरही मोडला होता.

"तात्या, गाडी पळवायचं बटणच तुटलंय. ते आधी करूया."

"त्ये ऱ्हाऊ दे. थरथर तेवढी कर."

"अहो, मग गाडी पुढं कशी जायची?"

"फुडं कुणाला जायाचंय?"

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. भाच्यानं इंटरनेटवरून दोघांची मशीनं जोडून दिली होती. रविवारी सकाळी तात्या आणि नितीन गाड्यांची शर्यत लावतात. बोलायचा माईक दोघांचाही बंद. शर्यत सुटते, नितीनची गाडी निघून जाते. तात्यांची सुरुवातीच्या रेषेवरच उभी असते.

"त्यो फेरी मारून येतोय आन् धडकतोय मला," तात्या म्हणाले. "हातात कळतंय."

"चुकून धडकत असंल," विलास म्हणाला.

"रस्ता लई रुंद हाय," तात्या म्हणाले.

मी मोटर बदलून दिली.

परवा तात्या परत आले. मला वाटलं, मोटर परत गेली.

"न्हाय, ती चालती. पण तिला मोठं धक्कंच तेवढं येतंय. बारीक थरथर कळंल असा असतोय काय एखादा?"

असतो. जुन्यात मोटर नुसती धडधडते. नव्यात खडी वेगळी कळते, डांबर वेगळं कळतं. मी दुकानातल्या मशीनवर गाडी सुरू केली, पळवली नाही, आणि नवा कंट्रोलर तात्यांच्या हातात दिला. त्यांनी पडद्याकडं बघितलंच नाही. मान तिरकी करून, कारखान्यात एखाद्या यंत्राला हात लावून उभं राहावं, तसे उभे राहिले.

"इंजन चालू हाय न्हवं?"

"चालू आहे. गाडी नुसती उभी आहे."

"हां. ह्योच दे."

विलासनं खोक्यात भरून दिला. पण त्याला राहवलं नाही. "तात्या, धडक तर जुन्यात बी कळती की. मग बारीक कशाला पायजे?"

तात्यांनी खोकं काखेत धरलं.

"आता धडकत न्हाय त्यो," ते म्हणाले. "येतोय आन् माझ्या शेजारी गाडी लावून थांबतोय. दोघं बी नुसतं थांबतोय. तवा हातात कायतरी पायजे की."